चंदी उष्टी टाकणारी घोडी

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे : "आमची घोडी ११ वर्षांची, शर्यतीतून निवृत्त झालेली. मार्चमध्ये पुण्याहून आणली. पहिले दोन महिने बरी खात होती. आता चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, तोंड घालते, दोन-तीन घास घेते आणि मागे सरते. गवत मात्र खाते. खुरांची पावडर, सांध्यांची पावडर, मिनरल मिक्श्चर, लोहाचं टॉनिक, यातलं काहीही घातलं की फुरफुरून उडवून लावते. गूळ घातला, सफरचंद घातलं, तीन कंपन्यांच्या पेलेट बदलल्या. चार दिवस खाते, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. कंबरेची हाडं दिसायला लागली आहेत. सगळे म्हणतात लाडावली आहे, दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल. काय करू?"

ताई, उपाशी ठेवू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आजपासून पाळा. गाय पोट भरून घेते आणि मग रवंथ करत बसते. घोड्याचं तसं नाही. त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, १०-१५ लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. त्या आम्लावर उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याची लाळ सुटते ती चावताना. चिंच बघून आपल्या तोंडाला पाणी सुटतं, तसं त्याचं होत नाही. म्हणजे सहा-सात तास दावणीत काडी नसली की ते आम्ल सरळ जठराच्या भिंतीला लागतं. मोकळा घोडा दिवसाचे १६-१७ तास चरतो, कारण त्याचं शरीरच तसं घडलेलं आहे. आधीच काही दुखत असेल, तर उपासाने ते दुखणं वाढेल.

मी डॉक्टर नाही. १९९४ साली पुण्यात शर्यतीच्या तबेल्यात मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, म्हणून लागलो आणि गेली १२ वर्षं पेडण्यात घोडे सांभाळतो. या काळात "नखरेल आहे, खातच नाही" म्हणून माझ्याकडे आणून सोडलेली बरीच जनावरं पाहिली. त्यातल्या बहुतेकांचं कारण तोंडात, पोटात, नाहीतर पोत्यात सापडलं. खरा नखरा म्हणावा असा घोडा क्वचितच भेटला. म्हणून चव वाढवण्याचे उपाय मी शेवटी सांगणार आहे. ते आधी केले की खरं कारण गुळाखाली झाकलं जातं. तुमची घोडी चार दिवस खाते आणि पाचव्या दिवशी सोडते, ते त्यामुळेच असावं असा माझा अंदाज आहे.

तोंडापासून सुरुवात करा. आज रात्री नऊ-साडेनऊला, सगळं शांत झाल्यावर, बॅटरी घेऊन ठाणाच्या, म्हणजे तिला बांधता त्या खोलीच्या, दाराशी उभ्या राहा आणि तिला फक्त वैरण टाका. अर्धा तास काही बोलू नका, नुसतं ऐका. निरोगी घोड्याच्या चावण्याला एक ताल असतो, कुरुम-कुरुम असा, जात्यासारखा. तो मध्ये अडखळतो का, मान एका बाजूला कलते का, एकाच गालाने चावते का, ते बघा. मग खाली जमिनीवर बघा. अर्धवट चावलेल्या गवताचे सुपारीएवढे ओले बोळे पडलेले दिसले तर पुढचं सगळं बाजूला ठेवून दातांच्या डॉक्टरी तपासणीची वेळ घ्या. सकाळी लीद फोडून पाहा. त्यात अख्खे चणे किंवा बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या दिसल्या, तर चावणं नीट होत नाही.

असं का होतं, तर घोड्याच्या दाढा जन्मभर वर येत राहतात आणि घासून झिजत राहतात. त्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड झिजायची राहते आणि तिथे कंगोरे तयार होतात. वरचे कंगोरे गालाला कापतात, खालचे जिभेला. रानात गवत रगडताना जबडा आडवा दूरवर फिरतो, दाण्यावर तेवढा फिरत नाही. शर्यतीतले घोडे वर्षानुवर्षं दाण्यावर वाढलेले असतात, म्हणून त्यांच्यात हे जास्त दिसतं. डॉक्टर गुंगीचं इंजेक्शन देऊन, तोंडात चाप लावून कानशीने ते घासतात. वर्षातून एकदा तरी हे झालं पाहिजे, म्हाताऱ्या घोड्यात दोनदा. पुण्याहून आणताना तिचे दात शेवटचे कधी घासले होते, हे विचारलं होतंत का? तोवर घरच्या घरी एवढं करा : गालावर बाहेरून, वरच्या दाढांच्या रेषेत, बोटांनी हलका दाब देत पुढे या. एखाद्या जागी ती डोकं झटकत असेल तर ती जागा लक्षात ठेवा. तोंडात हात घालू नका, बोट जाईल.

हे मी इतकं लांबवतो त्याला कारण आहे. माझ्याकडे एक करडा घोडा होता. तो असाच चंदी उष्टी टाकायचा. मी दोन महिने त्याला गूळ, गाजर, केळी चारत राहिलो आणि तो माझ्या समाधानासाठी दोन घास घेत राहिला. शेवटी डॉक्टरांनी तोंड उघडलं तेव्हा एक दाढ उभी चिरलेली होती आणि गालाच्या आत रुपयाएवढी जखम. दाढ काढली आणि आठवड्याभरात तो घमेलं चाटूनपुसून साफ करायला लागला. ते दोन महिने मला अजून सलतात.

तोंड साफ निघालं तर पोट. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला खटकतं : दोन-तीन घास घेते आणि मागे सरते, गवत मात्र खाते. दाणा सोडून गवताकडे वळणं ही जठरात व्रण असल्याची नेहमीची खूण आहे. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसताना चावायला येते का, पोटाला ब्रश लावला की पाय आपटते का, वारंवार जांभया देते का, अंगावरची लव निस्तेज झाली आहे का, ते पाहा. शर्यत, लांबचा प्रवास, एकटं राहणं, दिवसभर बंद ठाण, ही सगळी व्रणांची कारणं तिच्या गेल्या वर्षात आहेत. आणि तिला सांध्यांसाठी पावडर देता म्हणजे कुणी वेदनाशामकही देत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. फिनाइलब्युटाझोनसारखं औषध बरेच दिवस चाललं तर पोटाच्या अस्तराला इजा करतं. पक्कं निदान ३ मीटर लांबीच्या दुर्बिणीने होतं. ती जवळपास नसली तर डॉक्टर लक्षणांवरून ओमेप्राझोल सुरू करतात, साधारण चार आठवडे, उपाशीपोटी, चंदीच्या आधी. माणसांच्या कॅप्सूल आणून स्वतः देऊ नका. त्या घोड्याच्या जठरात टिकत नाहीत आणि मात्राही वेगळी असते.

थर्मामीटर घरात ठेवा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस हे घोड्याचं रोजचं तापमान. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लिहून ठेवा. पावसाळ्यात आणि त्यानंतर मोठ्या चावऱ्या माश्या वाढतात, त्या सर्रा नावाचा रोग पसरवतात. गोचिडांमुळे बबेसिया होतो. दोन्हीत ताप येतो-जातो, भूक मंदावते, अंग उतरतं, आणि बाहेरून घोडा नुसता "नखरे करतोय" असं वाटतं. रक्ताच्या तपासणीत कळतं. जंतांसाठी लीद तपासून घ्या, दर दोन महिन्यांनी आंधळेपणाने औषध पाजू नका.

आता वैरणीचा हिशेब. इथे जवळजवळ प्रत्येक घरी चूक होते, म्हणून जरा थांबतो. आधी घोडीचं वजन काढा. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा, आणि ११८८० ने भागा. सगळं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोमध्ये. समजा घेर १७८ आणि लांबी १५८ भरली, तर वजन सुमारे ४२१ किलो. अशा घोडीला दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ८ किलोच्या वर वैरण लागते, आणि दीड टक्क्याच्या, म्हणजे सव्वासहा किलोच्या खाली कधीच जाऊ नये. पण हे वजन कोरड्या वैरणीचं आहे. पावसाळ्यातल्या कोवळ्या हिरव्या नेपियरमध्ये, म्हणजे हत्तीगवतात, ८० टक्के पाणी असतं. म्हणजे १५ किलोचा भारा टाकून "एवढं गवत टाकतो" असं आपण समाधानाने म्हणतो, तेव्हा तिच्या पोटात प्रत्यक्षात ३ किलो जातं. नुसत्या हिरव्यावर भागवायचं तर ४० किलोच्या वर लागेल. हाडं दिसण्याचं कारण चंदीत शोधताना लोक हा हिशेब विसरतात.

नेपियरबद्दल आणखी एक. हत्तीगवत, सेटारिया यांसारख्या उष्ण कटिबंधातल्या गवतांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. त्यात आपण वरून गव्हाचा कोंडा घालतो. कोंड्यात कॅल्शियमच्या नऊ-दहा पट फॉस्फरस. दोन्ही मिळून घोडा स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून वापरायला लागतो. पाय अवघडून टाकणं, न कळणारा लंगडेपणा, पुढे जबड्याची हाडं फुगणं, चावताना दुखणं. चंदी सोडण्याचं हेही एक कारण आहे. म्हणून कोंडा दिवसाला पाव किलोच्या वर नको, आणि रोज दीड-दोन किलो वाळलेला लसूणघास (ल्यूसर्न, खायचा लसूण नव्हे) द्याच. त्यात कॅल्शियम भरपूर असतं, आणि तेच जठरातलं आम्लही शमवतं. फेरफटक्याला काढण्याआधी अर्धा तास त्याची ओंजळभर कुट्टी खायला घातली की धावताना आम्ल उसळत नाही. भाताचा पेंढा मध्ये मध्ये चघळायला ठीक, पोटभरीला नाही.

पोत्याकडे वळतो. ताई, तिची चंदी कुठे ठेवता? आषाढात गोव्यात मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, तिथे पोत्यातल्या दाण्याचं काय होत असेल! पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं, ढेकळं लागली, हाताला ओल्या मातीचा किंवा शिळ्या तेलाचा वास आला, तर ते पोतं टाकून द्या, गुरांनाही घालू नका. बुरशीचा मका घोड्याच्या मेंदूवर जातो आणि त्यावर उपाय नाही. शेंगदाण्याच्या पेंडीतही बुरशीचं विष असू शकतं. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊच शकत नाही. तोंड चंदीत असलं तरी नाक सतत चालू असतं. आपल्याला जो वास अजून आलेलाही नाही, त्यावर तो मागे सरतो. गव्हाचा आणि भाताचा कोंडा उन्हाळ-पावसात दोन-तीन आठवड्यांतच खवट होतो. ५० किलोचं पोतं स्वस्त पडतं, पण एका घोडीला ते महिनाभर पुरेल आणि जुलैत दाणा महिनाभर टिकणार नाही. आठ-दहा दिवसांपुरतंच आणा, झाकणाच्या पिंपात ठेवा, पिंप फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. वैरण चोर्ला घाटातून ट्रकने येत असेल तर भारा उतरवतानाच मधोमध फाडून बघा. वरून ताडपत्री असते आणि आतून भारा भिजलेला असतो.

घमेलं कशाने धुता? लिंबाच्या वासाच्या साबणाने धुतलेल्या घमेल्यातून कितीतरी घोडे तोंड काढून घेतात. ठाणात फिनाइल मारून लगेच चंदी ठेवली तरी तेच. साधं पाणी, नारळाची शेंडी, आणि उन्हात पालथं. चणे भिजवता तेही बघा : पुण्यात रात्रभर भिजले तर चालतात, इथे तीन-चार तासांत पाण्याला फेस येतो. भिजवा, पाणी काढा आणि लगेच घाला. कुळीथ घालायचे तर शिजवूनच, आणि पूर्ण गार झाल्यावर. उष्टी चंदी दोन तासांत उचला. सकाळच्या उष्ट्यावर पुढची ओतू नका. आंबूस वास त्या घमेल्याला कायमचा चिकटतो.

एवढं झालं की पावडरींचे डबे ओट्यावर मांडा आणि एकेक उचलून बाजूला ठेवा. सगळ्यात आधी लोहाचं टॉनिक. घोड्याला वैरणीतून लोह पुरून उरतं. जंतांनी किंवा जखमेने सतत रक्त जात नसेल तर कमतरता होतच नाही, आणि जास्त लोह यकृतात साठतं. त्यात तुम्ही डिचोलीत, खाणींच्या पट्ट्यात. तुमच्या बोअरवेलचं पाणी बादलीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस साका बसतो का? बसत असेल तर तिला लोह देण्याऐवजी पाणी गाळून, निवळून द्या. त्या चवीमुळे ती पाणीही कमी पीत असेल, आणि पाणी कमी तर चंदी कमी. या हवेत तिला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी गेलंच पाहिजे. बादलीवर रेघा मारून मोजा.

सांध्यांच्या पावडरीत ग्लुकोसामाइन असेल. तोंडाने दिलेल्या ग्लुकोसामाइनचा घोड्यात ठाम पुरावा नाही. ती लंगडत नसेल तर माझ्या मते बंद करा. खुरांसाठी बायोटिन दिवसाला १५-२० मिलिग्रॅम उपयोगी पडतं, पण खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून गुण दिसायला ९ ते १२ महिने लागतात. एखाद्या दिवशी चुकलं म्हणून जबरदस्तीने कोंबायचं कारण नाही. उरलं मिनरल मिक्श्चर आणि मीठ. हे दोन लागतात.

मिठाचं महत्त्व आपल्या हवेत फार. घोड्याचा घाम त्याच्या रक्तापेक्षा खारट असतो. मीठ घटलं की तहान लागत नाही आणि भूक मरते. रोज २५-३० ग्रॅम, घाम निथळणाऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ मी वापरतो, पण चंदीत कालवत नाही. वेगळ्या वाटग्यात ठेवतो. जिला हवं असतं ती चाटते. न चाटणारीला पाण्यात विरघळवून देतो, पण शेजारी साध्या पाण्याची बादली ठेवूनच.

आता मिनरल मिक्श्चर पोटात कसं घालायचं ते. मुख्य चंदीत ते कधीही घालू नका. कडू पावडर पूर्ण घमेल्यात मिसळली की घोडा पावडर सोडत नाही, घमेलंच सोडतो. माझ्याकडे एका घोड्याला लाल बादलीतून वेदनाशामक पावडर चारली होती. औषध बंद होऊन वर्ष झालं तरी तो लाल बादलीकडे पाठ फिरवायचा, तीच चंदी काळ्या घमेल्यात दिली की खायचा. तुम्ही तीन पेलेट बदलल्यात आणि प्रत्येकीत पावडर घातलीत. तिच्या लेखी आता तिन्ही कडू आहेत. म्हणून पहिले दहा दिवस चंदी कोरी द्या : अर्धा किलो चणे, किलोभर भरडलेले ओट किंवा जव, थोडा कोंडा, वर लसूणघासाची कुट्टी. दोन वेळांत विभागून, एका वेळी किलोच्या वर नको. घमेलं नवं आणा.

त्याच दहा दिवसांत एका छोट्या वाटग्यात, मुख्य चंदीच्या जरा आधी, मूठभर ओल्या कुट्टीवर एक चव तिच्या ओळखीची करा. नुसती चव, पावडर नाही. कुठली चव? साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १५ चवी घोड्यांपुढे ठेवून पाहिल्या होत्या. २००५ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. पहिली आली मेथी, दुसरं केळं. पहिल्या आठांत जिरं, गाजर आणि पेपरमिंटही होतं. सफरचंद त्या आठांत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण मेथीची पूड आमच्या पागेत जुने मोतद्दार घालायचेच. चमचाभर मेथीपूड कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि कुट्टीवर चोळा. जमलं तर पिकलेल्या साळदाटी केळ्याचा अर्धा भाग त्यात कुस्करा. केळ्याचा एक फायदा असा की पावडर त्याला चिकटून बसते, फुंकरीने उडत नाही आणि तळाशी गाळासारखी साचत नाही. ही चव रोज एकच ठेवा. आज गूळ, उद्या सफरचंद, परवा मध असं केलं की घोडी दर वेळी नवा वास हुंगते, आणि नव्या वासाला ती मुळातच बिचकते.

अकराव्या दिवशी त्या वाटग्यात चिमूटभर मिनरल घाला, दोन बोटांत मावेल एवढंच. खाल्लं तर दोन दिवसांनी दोन चिमटी. दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर जा. एखाद्या दिवशी थबकली तर रागावू नका, आदल्या पायरीवर तीन दिवस थांबा. औषध वेगळं, आणि ते या वाटग्यात कधीच नाही. कडू औषध द्यायचंच झालं तर ६० मिलीच्या सिरिंजचं टोक कापून गुळगुळीत घासा, पाक आणि औषध एकत्र करून जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, आणि वर नुसत्या पाकाची दुसरी सिरिंज द्या. आठवड्यातून दोनदा औषध नसतानाही पाकाची सिरिंज द्या. मग सिरिंज दिसली की ती तोंड वर करणार नाही, पुढे आणेल.

अंगावर मांस यायला दाणा वाढवू नका, तेल वाढवा. तेलातून मिळणारी ताकद अंगात उष्णता कमी निर्माण करते, आपल्या हवेत हे मोठं सुख. खोबरेल किंवा सोयाबीनचं, ताजं, दिवसाला दोन चमच्यांपासून सुरू करून तीन आठवड्यांत दीडशे मिलीपर्यंत. मुख्य चंदी पहाटे पाचला आणि रात्री दहाला द्या. दुपारी घामाच्या धारा लागलेल्या असताना कुणाला जेवण जातं? दुपारी फक्त वैरण आणि पंखा. आणि घाम मुळीच येत नसेल, कातडी कोरडी आणि गरम, धाप लागलेली, तर ते वेगळं दुखणं आहे. डॉक्टरांना लगेच सांगा.

घमेलं कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं असेल तर हलवा. घोडा घास घेतो आणि मान वर करून आजूबाजूला बघतो, तो त्याचा पहारा असतो. पाठीमागचं दिसत नसेल तर तो पहारा सोडून खाणार नाही. जमिनीवर, दारातून अंगण दिसेल असं ठेवा. ती एकटी आहे का? शर्यतीच्या तबेल्यात तिच्या दोन्ही बाजूंना घोडे चावत होते, तो आवाज ऐकत ती खायची. दुसरी घोडी परवडत नसेल तर शेळी बांधा. शेळीने मुसंडी मारून चंदी खाऊ नये एवढं बघा, बाकी ती उत्तम सोबतीण. विजयनगरच्या काळात आणि पुढे पोर्तुगिजांच्या राज्यात गोव्याच्या धक्क्यावर अरबी घोडे जहाजांनी उतरत. कोरड्या मुलखातलं ते जनावर इथल्या ओलीत, अनोळखी दाण्यावर, कळपापासून तुटून उभं राहत असेल. तुमची घोडी पुण्याहून आली म्हणजे फार दूरून आली नाही, पण तिच्यासाठी हवा, पाणी, गवत आणि शेजार हे सगळं एकदमच बदललं आहे.

आवडतं म्हणून काहीही घालू नका. पोदेराचा (पाववाल्याचा) उरलेला पाव घशात अडकतो आणि बुरशी लवकर धरतो. काजूची बोंडं आंबतात. आंब्याची बाठ घशात बसते. कांदा-लसूण जास्त गेला तर रक्तपेशी फुटतात. आणि कोंबड्यांचं खाद्य तिच्या तोंडाला कधी लागता कामा नये : त्यात बहुधा मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असतं, ते घोड्याचं हृदय निकामी करतं.

आणि हे दारावर लिहून ठेवा. गवतालाही तोंड लावत नाही, उठते-बसते, वळून कुशीकडे बघते, आठ-दहा तासांत लीद नाही, जबड्याखालच्या धमनीला हात लावून मोजलेले ठोके मिनिटाला ५० च्या वर, यातलं काही दिसलं तर चंदीचा विचार सोडा. पुढ्यातलं सगळं उचला, रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. घोड्याला उलटी होत नाही, पोटात अडकलेलं वर येत नाही. त्यामुळे वाट बघण्यात वेळ जातो तोच महागात पडतो.

आधी दात, ते या आठवड्यात. डॉक्टर घोड्याची सवय असलेले बघा. गुरांच्या तोंडाचा अनुभव इथे पुरत नाही. पोतं उद्याच. मग मला तीन गोष्टी कळवा : रात्री बोळे पडले का, बादलीतून किती लिटर पाणी गेलं, आणि पाण्याच्या तळाला तांबडं बसतं का. वाटग्यातल्या मेथीला ती कधी तोंड लावते, तेही लिहा.